पार्टिंग लाइन

छाजेडांनी काचेच्या कपाटातून डबा काढला,
फुंकर मारली, स्टिकर माझ्याकडे फिरवला:
अठराशे नव्वद.
आत एक गेंडा, चार बोटं उंच.
पुठ्ठ्यावर लिहिलेलं, की याला पायावर उभं केलं
तर खेळात नवं बेट उघडतं.

मी अंबडला टूलरूममध्ये आहे, एकवीस वर्षं.
नमुन्याचा गेंडा हातात घेतला, उलटा केला.
पोटाखाली गेट कापल्याची खूण, शिंगाला फ्लॅश,
कानापासून शेपटीपर्यंत पार्टिंग लाइन,
कुणी साधी घासलेलीही नाही.
बावीस ग्रॅम. रंगासकट, चिपेसकट धरा,
साठ रुपये. बरं, सत्तर.
"आणि बेट?"
"बेट तुमच्या डिस्कमध्ये आहेच की," छाजेड म्हणाले.
माणूस खोटं बोलत नाही, म्हणून धंदा बेताचा.
"ही नुसती किल्ली."

म्हणजे घर आपलं, हप्ते आपले,
आणि मधल्या खोलीला कुलूप घालून बिल्डर
जिन्यात किल्ल्या विकत बसलाय.
मी डबा परत सरकवला.
जुई काही बोलली नाही.
कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत
तिची हनुवटी पाठीला टोचत राहिली, एवढंच.

वरच्या मजल्यावर पगारे राहायचे.
त्यांचा सुजात आणि ही, दोन वर्षं
त्या निळ्या उजेडाच्या पायापाशी मांडी घालून.
जूनमध्ये बदली झाली, नंदुरबारला.
टेम्पोत सगळं चढलं, तुळशीची कुंडीसुद्धा.
एक बेडूक तेवढा आमच्या सोफ्याखाली राहिला.

सापडला नोव्हेंबरात,
फरशीवर पाय ठेववत नाही अशा एका सकाळी.
जुईने फ्रॉकला पुसला, पायावर ठेवला.
पडदा काळा झाला. मला वाटलं, गेला.
मग बेडूक उठला, आळोखेपिळोखे दिले,
आणि डोक्यावर नाव उमटलं:
तर्री. लेव्हल चौदा. मालक सुजात.

पाच महिने धुळीत पडून
त्याला सगळं आठवत होतं,
नाणी किती, ढाल कुठली,
सुजातने हट्टाने घातलेली जांभळी टोपी.
मला सातपूर आयटीआयच्या माझ्या बॅचमधली
सहा नावं सांगता येत नाहीत.

"बाबा, त्या बेटावर दोघं लागतात.
एकाने दोर धरायचा, एकाने उतरायचं."

तर हिशोब असा.
गेंडा घेतला. सेलमध्ये, हजार चाळीस,
कारण कंपनीने पुढचं सगळंच बंद केलंय.
सुजात आला नाताळच्या सुटीत, दोन दिवस,
आवाज फुटलेला, ओठावर लव, जरा परका.
सोफ्यावर बसून मोबाइल बघत राहिला.
जुईने न बोलता बेडूक त्याच्या गुडघ्याशी ठेवला.

पावणेतीन तासांत बेट संपलं.
मी घड्याळ लावून बसलो होतो, खोटं कशाला बोलू.
झाडं जुनीच, फक्त गुलाबी केलेली.
शेवटचा राक्षस आधीच्या राक्षसाचा सख्खा भाऊ.
मध्ये एकदा दोर सुटला, आणि हा ओरडला,
"सोडलास ना गं, माकडा!"
तेव्हा कुठे आवाज जुना झाला.

कुणी विचारलं तर मी सांगीन, घेऊ नका.
पैसे वसूल होत नाहीत.

निघताना त्याने तर्री खिशात घातला.
दारापर्यंत गेला. चप्पल घातली, काढली,
परत आला, वाकल्यासारखं केलं,
आणि बेडूक सोफ्याखाली सारला, भिंतीपर्यंत.
त्याला वाटलं, मी पेपर वाचतोय.

रविवारी गेंड्याच्या अंगावरची ती रेघ
सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढली.
राहवेना.
बेडकाला हात लावला नाही.